सात वर्षं आटलेली डबी: एका शेव्हिंग क्रीमचं प्रकरण

मामाने दिलेली डबी मी झाकण काढून उलटी धरली, तरी आतलं काही हललं नाही. क्रीमची वडी झाली होती. रंग फिकट पिवळसर, कडेने डबीपासून सुटलेली, मधोमध भेग. बोटाने दाबून खळगा पडेना. नखाने मात्र ओरखडा उठला आणि पांढरा भुगा निघाला.

"दगड झालाय गं त्याचा," मामा म्हणाला. "पण टाकवत नाही. ही क्रीम आता निघत नाही. तू साबणातली माणूस, बघ काही होतंय का."

गेली बरीच वर्षं मी साबण आणि क्रीम तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नवीन क्रीम बनवणं हे रोजचं काम. वाळलेली क्रीम पूर्वपदावर आणणं मात्र मी कधी केलं नव्हतं, कारण आमच्याकडे असा माल सरळ बाद होतो. मामाचं तसं नव्हतं. तीस वर्षं त्याने हीच क्रीम गालाला लावली. ती बंद होणार असं कळल्यावर दोन डब्या आणि एक ट्यूब घेऊन ठेवली. एक डबी वापरून संपवली. दुसरी उघडून बोटभर क्रीम घेतली, आणि त्याच सुमारास त्याने दाढी वाढवायला सुरुवात केली. डबी आणि ट्यूब कपाटात मागे गेली ती सात वर्षांनी बाहेर आली, दाढी उतरवायची ठरवल्यावर.

आधी वजन, मग पाणी

अशा वेळी बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे डबीत गरम पाणी ओतून ढवळतात. मी मामाला हात लावू दिला नाही. किती पाणी गेलं हे कळल्याशिवाय किती घालायचं हे कसं ठरवणार? अंदाजाने घातलेलं पाणी जास्त झालं तर ते परत काढणं सोपं नसतं.

डबीवर निव्वळ वजन १५० ग्रॅम छापलेलं होतं. माझ्या काट्यावर झाकणासह भरली डबी १५२ ग्रॅम भरली. रिकाम्या डबीचं वजन माहीत असल्याशिवाय या आकड्याला अर्थ नव्हता. तो प्रश्न मामानेच सोडवला. संपलेली पहिली डबी त्याने स्क्रू ठेवायला वापरली होती. ती धुऊन, पुसून, झाकणासह काट्यावर ठेवली: ४१ ग्रॅम. म्हणजे आत उरलेली क्रीम १११ ग्रॅम, आणि घट ३९ ग्रॅम. मामाने घेतलेली बोटभर क्रीम दोनेक ग्रॅम धरली तर सात वर्षांत उडून गेलं ते साधारण ३७ ग्रॅम.

हा आकडा सोयीचा निघाला. १११ चा बरोबर तिसरा हिस्सा ३७. तीन भाग वाळक्या क्रीमला जास्तीत जास्त एक भाग पाणी, एवढं प्रमाण हाती आलं. जास्तीत जास्त म्हणायचं कारण असं की गेलेलं सगळंच काही पाणी नव्हतं. सुगंधी तेलातला हलका भागही त्यात होता. पण क्रीममध्ये सुगंध असतो थोडासाच. घट मुख्यतः पाण्याची होती.

रिकामी डबी हाताशी नसेल तर आतली क्रीम दुसऱ्या भांड्यात काढून डबी वेगळी तोलायची. अर्धी वापरलेली डबी असेल तर मात्र हा हिशेब जमत नाही. तिथे थोडं थोडं पाणी घालत हाताने अंदाज घेणं एवढंच उरतं.

काय गेलं आणि काय राहिलं

ब्रशने फेस काढायची शेव्हिंग क्रीम म्हणजे मुळात मऊ, ओला साबण. मेदाम्ल (तेल-चरबीतलं आम्ल) आणि अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा क्षार) एकत्र आले की साबण होतो. मेदाम्लं वेगळी ओळखून त्यांचा पाया घालणारा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल. त्याचा ग्रंथ १८२३ सालचा. मामाच्या डबीवरची घटकांची यादीही त्याच ओळखीची होती: पाणी, स्टिअरिक आम्ल, मिरिस्टिक आम्ल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खोबरेल तेलातली मेदाम्लं, ग्लिसरीन, ट्रायइथेनॉलअमाइन, सुगंध, सोडियम हायड्रॉक्साइड. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पाणी पहिलं, म्हणजे तेच सर्वांत जास्त.

या यादीतलं खरं महत्त्वाचं नाव पोटॅशियमचं. सोडियमचा साबण कडक होतो. अंघोळीची वडी बहुधा त्याचीच असते. पोटॅशियमचा साबण मऊ राहतो आणि पाण्यात लवकर विरघळतो. क्रीममध्ये तो भरपूर आणि सोडियमचा थोडासा, म्हणून ती लोण्यासारखी राहते. आता पाणी उडालं तरी पोटॅशियमचा सोडियम होत नाही. साबण होता तोच राहतो. ग्लिसरीनही उडत नाही. स्टिअरिक आणि मिरिस्टिक ही संपृक्त आम्लं आहेत, ती सहजी खवट होत नाहीत. म्हणजे या डबीत फेसाला लागणारं जवळजवळ सगळं शाबूत होतं. नव्हतं ते पाणी आणि बराचसा वास.

ग्लिसरीन उडत नाही या एका गोष्टीवर मला जोर द्यायचा आहे. कडक क्रीममध्ये ग्लिसरीन घाला, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण वाळलेल्या क्रीममध्ये मूळचं सगळं ग्लिसरीन जागेवरच असतं, आणि पाणी गेल्यामुळे त्याचं प्रमाण उलट वाढलेलं असतं. त्यात आणखी घातलं की क्रीम चिकट होते आणि फेस बसतो. खोबरेल तेल घालणं त्याहून वाईट. तेल फेस मारतं. गेलं ते पाणी, म्हणून परत द्यायचं तेही पाणीच.

टाकायची की ठेवायची

पाण्याआधी आणखी एक निकाल लावायचा होता. जुनी प्रत्येक क्रीम वाचवण्याजोगी नसते. मी वडी डबीतून पूर्ण बाहेर काढली आणि उजेडात फिरवून पाहिली. बुरशीचा डाग नव्हता. नारिंगी ठिपके नव्हते. साबणात उरलेला मेद खवट व्हायला लागला की बऱ्याचदा असे ठिपके दिसतात. वडी मोडून आतला वास घेतला. खवट तेलाचा किंवा जुन्या मेणाच्या खडूचा वास आला असता तर मी तिथेच थांबले असते. आला तो नुसता साबणाचा, मागे लॅव्हेंडरची पुसट आठवण. पिवळसर रंगाची मला काळजी वाटली नाही. ट्रायइथेनॉलअमाइन आणि काही सुगंधी घटक वयाबरोबर पिवळे पडतात. चिमूटभर भुगा पाण्यात विरघळवून आम्ल-अल्कली मोजणारी पीएच पट्टी बुडवली तर साडेनऊच्या आसपास आली. साबणाच्या क्रीमची ती नेहमीची पातळी.

त्वचेचा प्रश्न मी शेवटपर्यंत मोकळा ठेवला. लॅव्हेंडरमधलं लिनालूल किंवा लिंबूवर्गीय तेलांतलं लिमोनीन हवेत राहून ऑक्सिडाइज होतं, आणि त्यातून बनणारी हायड्रोपेरॉक्साइडं काहींच्या त्वचेला पुरळ आणतात. हे नाकाला कळेलच असं नाही. म्हणून क्रीम तयार झाल्यावर मामाच्या हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहायची, असं आधीच ठरवून टाकलं.

ट्यूबचा निकाल चटकन लागला. ती ॲल्युमिनियमची होती. टोक घट्ट बंद, तोंडाशी खडा अडकलेला. शेपटाकडून कापून उघडली तर आतल्या क्रीमवर करडे-काळे डाग. अल्कली ॲल्युमिनियमला खातं. म्हणून अशा ट्यूबला आतून लाखेसारखा थर दिलेला असतो. घड्या पडून तो थर कुठेतरी तडकला असावा. क्रीम मध्यभागी चांगली मऊ होती. मामाला वाटलं, डाग काढून बाकीची वापरू. मी ती फेकली. धातू कुठवर उतरलाय हे डोळ्यांना दिसत नाही.

तीन नमुने

सगळी वडी एकदम पणाला लावायची नव्हती. तिच्यातून दहा-दहा ग्रॅमचे तीन तुकडे काढले. प्रत्येकाला सव्वातीन ग्रॅम पाणी, डिस्टिल्ड. नळाच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका करतं, आणि तो पुन्हा कधी फेस देत नाही.

पहिल्या तुकड्यावर मी उकळतं पाणी ओतून लगेच ढवळलं. अपेक्षेप्रमाणे गुठळ्या झाल्या. बाहेरचा थर पाणी पिऊन चिकट जेल झाला, आणि त्या जेलनेच आत पाणी जायची वाट अडवली. वर लगदा, आत खडे. जोराने ढवळल्यामुळे लगद्यात हवा भरली ती वेगळीच.

दुसरा तुकडा पाण्यासह मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. काही सेकंदांत तो फसफसून कडेवर आला. वितळलेला दिसला छान, एकसारखा. पण थंड झाल्यावर रवाळ झाला. अंगठा आणि बोटात चोळला की बारीक कण लागत. याचं कारण क्रीममधल्या मोकळ्या स्टिअरिक आम्लात आहे. साबण न झालेलं थोडं आम्ल मुद्दाम राखलेलं असतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे क्रीमला मोत्यासारखी झाक देतात. हे आम्ल साधारण ६९ अंशांना वितळतं. कारखान्यात क्रीम त्याहून गरम करतात खरी, पण मग ती संथ ढवळत, ठरावीक गतीने थंड करतात आणि पुढे काही दिवस नुसती ठेवतात. झाक तेव्हा उतरते. दहा ग्रॅमच्या वाटीला हे कोण करणार? मुळातला घाट एकदा वितळून गेला की घरात तो पुन्हा बसत नाही. हा दोष फेसाचा नव्हे, पोताचा आहे. रवाळ क्रीमही दाढीला चालते. पण मला मामाची क्रीम परत हवी होती.

तिसरा तुकडा किसणीवर बारीक किसला. त्यावर ५० अंशांचं पाणी चार वेळा थोडं थोडं शिंपडलं, दर वेळी सपाट चमच्याने फक्त दाबलं, ढवळलं नाही. वाटीला झाकण लावून रात्रभर ठेवलं. सकाळी किसाच्या शेवया एकमेकींत मिसळल्या होत्या. दोनदा मळल्यावर गोळा गुळगुळीत झाला.

किसण्यामागे साधा हिशेब आहे. पाणी घन पदार्थात झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी निम्मी केली तर वेळ चौथाई. तीन सेंटिमीटरच्या वडीला जे आठवडे लागतील ते एका मिलिमीटरच्या किसाला तासांत होतं. आणि पाणी कोमट घ्यायचं कारण असं की प्रत्येक साबणाचं एक तापमान असतं, ज्याच्या खाली तो पाण्यात नीट उतरत नाही. त्याला क्राफ्ट तापमान म्हणतात. पोटॅशियमच्या साबणांचं ते सोडियमच्यांपेक्षा कमी असतं. थंड पाण्यात क्रीम नुसती भिजते. कोमट पाण्यात ती मुरते. बोट बुडवता यावं पण फार वेळ ठेववू नये, एवढी ऊब पुरे.

मुख्य डबी

उरली ८१ ग्रॅम. हिशेबाने २७ ग्रॅम पाणी लागणार होतं. मी २० ग्रॅमच मोजून घेतलं, उकळून कोमट केलेलं डिस्टिल्ड पाणी. सगळी वडी किसायला अर्धा तास गेला. वरचा भाग किसताना तुटत होता आणि खालचा किसणीला चिकटत होता. म्हणजे पाणी वरूनच गेलं होतं, तळाशी अजून ओल होती. सगळं किसून एकत्र कालवल्याने हा फरकही मिटला.

काचेच्या रुंद बरणीत किसाचा थर, त्यावर थोडं पाणी, पुन्हा थर, पुन्हा पाणी. झाकण घट्ट. मग बरणी ५० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं उभी केली आणि बाहेर काढून सोडून दिली. सकाळ-संध्याकाळ हाच क्रम, मध्ये एकदा सपाट चमच्याने दाबून मळायचं. मामा रोज फोन करायचा. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "गुठळ्या आहेत अजून." तो म्हणाला, "मिक्सरमधून काढ की." मिक्सरने त्यात इतकी हवा भरली असती की आठवडाभर ती बसली नसती. थांबण्याला पर्याय नव्हता.

तिसऱ्या दिवशी गुठळ्या गेल्या. क्रीम चमच्याने कापता येत होती, पण बोटाने उचलता येत नव्हती. चार ग्रॅम पाणी आणखी घातलं. पाचव्या दिवशी बोट सहज आत गेलं आणि वर आलं ते टोक धरून. तिथे मी थांबले. २७ ऐवजी २४ ग्रॅमवर. तीन ग्रॅम राखून ठेवायला दोन कारणं होती. घटीतला काही भाग सुगंधाचा होता. दुसरं असं की पाणी जितकं जास्त तितका जंतूंना वाव जास्त. साबणाची अल्कली त्यांना रोखते, पण सात वर्षांच्या क्रीममध्ये नुसत्या तिच्यावर मी भरवसा ठेवणार नाही. आणि शेवटी ओल्या ब्रशने मामा त्यात याच्या कितीतरी पट पाणी घालणारच होता. पुढचा आठवडा बरणी न हलवता ठेवली तेव्हा मोत्याची झाकही थोडी परत आली.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ज्याला नुसता फेस हवा आहे त्याने यातलं काहीही करू नये. वाळकी क्रीम वाटीच्या तळाशी दाबून बसवावी, वर ओला ब्रश फिरवावा, आणि दाढीच्या साबणासारखी वापरावी. फेस तोच येतो. मी पाच दिवस घातले ते मामाला बोटाने क्रीम उचलायची सवय होती म्हणून.

हे सगळं ब्रशच्या क्रीमपुरतं आहे. बिनब्रशच्या क्रीमचा घाट वेगळा असतो. १९१९ साली फ्रँक शील्ड्सने आणलेली बार्बासॉल ही त्या जातीची जुनी क्रीम. तिच्यात साबण थोडा, आणि स्टिअरिक आम्लाचं पाण्याशी इमल्शन, म्हणजे एकमेकांत न विरघळणाऱ्यांचं एकजीव मिश्रण, असतं. ते फुटून तेल-पाणी वेगळं झालं असेल तर पाणी घालून ते पुन्हा जुळत नाही. दाबाच्या डब्यातल्या फेसाचा तर इथे प्रश्नच येत नाही.

झाकण

सात वर्षं बंद डबीतून ३७ ग्रॅम पाणी गेलं कुठून, हे मला सोडवत नव्हतं. जाड प्लॅस्टिकच्या भिंतीतून जातं ते नगण्य. भिंगाखाली झाकण पाहिलं. मामाने बोटभर क्रीम घेतली तेव्हा काठाला लागलेला थेंब आट्यांमध्ये वाळून खडा झाला होता, आणि झाकणाच्या आतली चकती कडक होऊन आकसली होती. झाकण फिरून बसत होतं, पण बंद होत नव्हतं.

खातरी करायला त्याच डबीत ५० ग्रॅम पाणी भरलं, झाकण तसंच लावलं आणि चार आठवडे ठेवलं. ०.९ ग्रॅम घट. मग आटे ब्रशने साफ केले, मऊ प्लॅस्टिकची नवी चकती कापून बसवली आणि पुन्हा चार आठवडे ठेवलं. ०.१ ग्रॅम. ती काट्याच्या चुकीतही असू शकते. महिन्याला ०.९ ग्रॅमने सात वर्षांत ३७ पेक्षा बरंच जास्त जायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण क्रीम जसजशी वाळते तसतसं साबण आणि ग्लिसरीन उरलेलं पाणी घट्ट धरून ठेवतात, आणि वेग मंदावत जातो. सगळी करामत या एका वाळक्या थेंबाची होती. काठ पुसून झाकण लावलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

गालावर

तयार क्रीम साफ केलेल्या डबीत परत भरली. हातावरच्या चाचणीत दोन दिवसांत लाली आली नाही, खाज नाही. मग मामाने ब्रश भिजवून झटकला, बोटाने क्रीम उचलली, आणि वाटीत न घोळवता सरळ गालावर घेतली. फेस जड आला, दाट, ब्रशच्या टोकाला धरून राहणारा. मी घड्याळ लावलं होतं. बाराव्या मिनिटालाही गालावरचा थर ओला होता. पातं अडखळलं नाही.

चेहरा पुसून त्याने डबी नाकाशी नेली, बराच वेळ.

"वास तो नाही," तो म्हणाला. "पण गालाला ओळख पटली."

वासासाठी लॅव्हेंडरचं तेल घालशील का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. घरात थेंब मोजून घातलेलं सुगंधी तेल क्रीममध्ये सगळीकडे सारखं पसरत नाही, आणि चेहऱ्यावर ब्रशने घासायच्या वस्तूत ते एका जागी साठलेलं मला नको होतं. त्याला ते पटलं नाही, पण त्याने हट्टही धरला नाही.

डबीच्या तळाला चिकटपट्टी लावून तारीख आणि वजन लिहिलं. तीन महिन्यांत संपवायची, बोट कोरडं आणि धुतलेलं हवं, काठ पुसल्याशिवाय झाकण लावायचं नाही, एवढं सांगून महिन्यातून एकदा तोलायला छोटा काटा त्याच्याकडे ठेवला. मामा ती रोज सकाळी तोलतो आणि कॅलेंडरवर आकडा लिहितो. चौकटी दीड महिना भरत आल्या आहेत. आकडा उतरतो तो फक्त बोटाने घेतलेल्या क्रीमइतका.